हनोईची लाइन

रविवारी सकाळी चहा घेऊन मैथिली टॅबलेट उघडून बसली, तर त्यातलं ई-सिम गायब होतं.

आधी तिला वाटलं, आपणच चुकीच्या पानावर आलो. ती मागे गेली, परत आली, टॅबलेट बंद करून पुन्हा चालू केला. मोबाइल डेटाच्या पानावर ‘हनोई’ असं नाव दिलेली लाइन होती. गुरुवारी तिने स्वतःच्या हाताने ते नाव टाकलं होतं. आता तिथे नुसतं ‘ई-सिम जोडा’ एवढंच दिसत होतं, जसं काही तिने कधी जोडलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अहमदाबादहून तिचं विमान होतं.

मैथिली गुप्तेला ऐकू येत नाही. लहानपणी मेंदूज्वर झाला, त्यात दोन्ही कान गेले. आता ती पस्तिशीला आली होती, रावपुऱ्यातल्या एका डेंटल लॅबमध्ये पोर्सलीनचे दात करत होती, आणि बडोद्यातले बरेच डॉक्टर ‘मैथिलीबेनच करतील’ असं चिठ्ठीवर लिहून काम पाठवायचे. हनोईत लिएन नावाची तिची मैत्रीण होती. तीही बहिरी, तीही याच कामातली. एका ऑनलाइन गटात ओळख झाली आणि मग गेली काही वर्षं दोघी जवळजवळ रोज व्हिडिओवर हातांनी बोलत होत्या. काही खुणा इकडच्या, काही तिकडच्या, काही दोघींनी मिळून तयार केलेल्या. लिएनने आता स्वतःची लॅब काढली होती. तिथे कामाला सगळी बहिरी माणसं. त्यांना पोर्सलीनचे थर कसे चढवायचे ते शिकवायला तिने मैथिलीला पंधरवड्यासाठी बोलावलं होतं. मैथिलीला आजवर ‘ये, तुला शिकवतो’ म्हणणारे पुष्कळ भेटले होते. ‘ये, आम्हाला शिकव’ म्हणणारं हे पहिलंच माणूस.

टॅबलेट तिने या प्रवासासाठीच घेतला होता. तिचा फोन जुना, त्यात ई-सिम चालत नव्हतं. आणि चाललं असतं तरी हातांनी बोलणाऱ्याला फोन अपुराच पडतो. एक हात फोन धरण्यात अडकतो. टॅबलेट कव्हरच्या टेकूवर उभा राहतो, दोन्ही हात मोकळे राहतात आणि पलीकडच्याला आपण कमरेपासून वर नीट दिसतो. शिवाय समोरचा माणूस बोलू लागला की त्याचं बोलणं अक्षरांत उमटवायची सोयही त्यात होती. परक्या विमानतळावर उतरल्यावर इंटरनेट मिळालं नाही तर बाकीच्यांची पंचाईत होते, मैथिली मात्र मुकीच झाली असती.

म्हणून तिने सगळं नीट वाचून ठेवलं होतं. ई-सिम विकणारी कंपनी निवडली, व्हिएतनामचा प्लॅन घेतला, मेलवर क्यूआर कोड आला. तो टॅबलेटवरच उघडला तर टॅबलेटचा कॅमेरा टॅबलेटचाच पडदा कसा बघणार, म्हणून गुरुवारी लॅबमध्ये तिने मेल फोनवर उघडला, फोन भट्टीच्या बाजूला उभा केला आणि टॅबलेट त्याच्यासमोर धरला. लॅबचं वायफाय चांगलं होतं. लाइन बसली. लॅबचे मालक हेमांगभाई लांबून बघत होते. त्यांनी ओठ नीट हलवून विचारलं, “थई गयुं?” झालं, या अर्थी मैथिलीने अंगठा वर केला. तिची शाळा गुजराती होती, त्यामुळे घरी ती मराठी ओठ वाचायची आणि बाहेर गुजराती.

संध्याकाळी मांजलपूरच्या घरी आल्यावर तिने सगळ्यांना ती लाइन दाखवली होती. आई, म्हणजे लीलाताई, नुसत्या हसल्या. वहिनी रसिकाने दोन्ही हात वर करून हलवले. बहिऱ्यांच्या जगात टाळी अशी वाजवतात. रसिका या घरात लग्न होऊन आली आणि तिने पहिल्याच वर्षी मैथिलीकडून हातांची भाषा शिकून घेतली. आई आणि दादा ती कधीच शिकले नाहीत. मैथिली लहान असताना कुठल्याशा डॉक्टरने सांगितलं होतं, खुणांची सवय लावलीत तर मुलगी बोलायला शिकणार नाही, आणि ते वाक्य या घरात अजून उठबस करत होतं.

सलीलदादाने टॅबलेट हातात घेऊन बघितला आणि कपाळाला आठी घातली.

“यावर तर ‘सेवा नाही’ असं येतंय.”

“इथे तसंच येणार,” मैथिली म्हणाली. घरात ती आवाजानेच बोलायची. तिचे शब्द जाड यायचे, शेवटचं अक्षर बऱ्याचदा गळून पडायचं, पण घरच्यांना कळायचे. “तिथे उतरल्यावर सुरू होतं.”

“हं,” सलील म्हणाला. तो तिच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, औषधांच्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर. घरातला टीव्ही, वायफाय, आईचा फोन, गॅसचं बुकिंग, सगळं त्याच्याच हातात.

ही गुरुवारची गोष्ट. आणि आज रविवारी ‘हनोई’ नव्हतं.

मैथिली टॅबलेट घेऊन बाल्कनीत गेली. सलील तिथे कपडे वाळत घालत होता.

“दादा, माझं ई-सिम दिसत नाहीये. तू काही केलंस?”

“मी?” त्याने चादरीचं टोक दोरीवर टाकलं. “अपडेट आलं असेल. त्यात उडालं असेल.” एवढं म्हणून तो दोरीकडे वळला आणि पुढे जे काही बोलला ते चादरीशी बोलला. मैथिलीला त्याची पाठ दिसत होती आणि मानेची हालचाल.

ही त्याची जुनी खोड. जे ऐकवायचं नसेल ते तो पाठ फिरवून बोलायचा. ऐकणाऱ्या माणसाशी असं करता येत नाही, हे मैथिलीला कळत नव्हतं असं थोडंच? पण तिने आत्ता वाद घातला नाही. वेळ कमी होता.

तिने मेल शोधून तोच कोड पुन्हा फोनवर उघडला आणि टॅबलेट समोर धरला. ‘हा कोड वापरला गेला आहे,’ असं टॅबलेटने सांगितलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग ती कंपनीच्या चॅटवर गेली.

चॅट तिला आवडायचं. तिथे सगळेच लिहितात. तिथे कोणी तिच्या आवाजाकडे चमकून बघत नाही, कोणी मुद्दाम तोंड वाकडंतिकडं करून सावकाश बोलत नाही. तिने इंग्रजीत नीट लिहिलं: माझी लाइन पुसली गेली आहे, उद्या प्रवास आहे, दुसरा कोड द्या.

थोड्या वेळाने उत्तर आलं. “तुमची लाइन शुक्रवारी संध्याकाळी तुमच्या उपकरणावरूनच काढून टाकण्यात आली होती. तुमच्या विनंतीनुसार नवीन कोड काल पाठवण्यात आला आहे.”

शुक्रवारी संध्याकाळी ती लॅबमध्ये होती. टॅबलेट घरी चार्जिंगला होता.

“मला कोड मिळालेला नाही,” तिने लिहिलं.

“तो खात्यावर नोंदवलेल्या नवीन पत्त्यावर पाठवला आहे.”

“कुठला नवीन पत्ता? मी पत्ता बदललेला नाही.”

यावेळी उत्तर यायला वेळ लागला. मग आलं: “काल आम्हाला आपल्या भावाचा फोन आला होता. खातेदार अपंग असून स्वतःसाठी बोलू शकत नाहीत, असं त्यांनी कळवलं. त्यामुळे खातं त्यांच्या नावे आणि त्यांच्या पत्त्यावर करण्यात आलं आहे. आपली काळजी घेण्यात आम्हाला आनंद आहे.”

मैथिलीने ते वाचलं. परत वाचलं. टॅबलेट तिने उचलून पुन्हा टेबलावर ठेवला, कारण हातात राहिला असता तर तिने तो फेकला असता.

तिने लिहिलं, “मीच खातेदार आहे. मी आत्ता तुमच्याशी बोलते आहे. बदल रद्द करा.”

“क्षमस्व. सुरक्षेच्या कारणास्तव खातेदाराचं नाव फक्त फोनवरील संभाषणानेच बदलता येतं.”

“मला ऐकू येत नाही. म्हणूनच मी लिहिते आहे.”

“आम्ही आपली अडचण समजू शकतो. कृपया आमच्या हेल्पलाइनवर फोन करा.”

म्हणजे दादाने फोन उचलला, चार वाक्यं बोलला, आणि तिचं नाव पुसलं गेलं. कोणी विचारलं नाही, तिची परवानगी आहे का, ती कुठे आहे. आवाज असला की काम भागलं. आणि ती इथे अख्खीच्या अख्खी बसून शुद्ध इंग्रजीत सांगत होती की मी आहे, तर तिला पुरावा म्हणून जे मागत होते ते नेमकं तिच्याकडे नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारात रसिका उभी होती. मैथिलीचा चेहरा बघून तिने ओटा सोडला होता. हात पुसत तिने खुणेने विचारलं, काय झालं? मैथिलीने टॅबलेट तिच्याकडे फिरवला. रसिकाने वाचलं आणि खाली बसली.

“पुसलं ते मला माहीत होतं,” रसिका हातांनी म्हणाली. तिची बोटं अडखळत होती. “शुक्रवारी तो बघत बसला होता. सेवा नाही, सेवा नाही, असं म्हणत होता. काढून परत घालू म्हणाला, आणि मग ते परत जाईना. मी म्हटलं तिला सांग. म्हणाला, मी करतो नीट, तिला कळायच्या आत. पण हे फोनचं मला नाही सांगितलं. खरंच नाही.”

“तू मला दोन दिवस नाही सांगितलंस,” मैथिलीने म्हटलं.

रसिकाने मान खाली घातली. “चुकलं माझं.”

मैथिली तिच्यावरही रागावली होती, पण तो राग मागे ठेवायला जागा होती. तो नंतर. ती उठली आणि बाहेरच्या खोलीत गेली. सलील सोफ्यावर पेपर घेऊन बसला होता, आई शेजारी भाजी निवडत होती. मैथिलीने त्याच्या हातातला पेपर ओढून घेतला.

“मी स्वतःसाठी बोलू शकत नाही?”

सलीलच्या चेहऱ्यावरून सगळं एकदम सरकून गेलं: आश्चर्य, मग ओळख, मग ती मोठ्या भावाची समजूत घालायची तयारी.

“मैथिली, बस आधी. तसं नाही ते. त्यांना सांगावं लागतं असं काहीतरी, नाहीतर ते लोक दाद देत नाहीत. माझ्या हातून ते उडालं, मी कबूल करतो. मी ते परत मिळवत होतो. कोड आलाय माझ्या मेलवर. उद्या निघताना घालूनच देणार होतो.”

“सकाळी मी विचारलं. तू म्हणालास अपडेट.”

“कारण तू अशीच चिडणार हे मला माहीत होतं.”

“माझं खातं तुझ्या नावावर का?”

“असू दे ना माझ्या नावावर,” सलील म्हणाला, आणि आता त्याचाही पारा चढला होता. “तिथे नेट संपलं, काही अडलं, तर तू कोणाला फोन करणार? मला इथे बसून बघता तरी येईल. ती लिएन की कोण, तिला तू एकदाही समोर भेटलेली नाहीस. कुठल्या देशात, कुठल्या लॅबमध्ये जातेस, आम्ही फक्त ऐकून घ्यायचं. सुरतचं काय झालं होतं आठवतंय ना?”

सुरत. तिला वाटलंच होतं, सुरत निघणार. गेल्या वर्षी सुरतेहून परतताना गाडीचा फलाट ऐनवेळी बदलला, घोषणा फक्त भोंग्यावर झाली आणि मैथिलीची गाडी चुकली. या घरात ही गोष्ट कोणी आलं-गेलं की सांगितली जायची, आई डोळ्यांना पदर लावायची. मैथिलीच्या लेखी त्या गोष्टीचा पुढचा भाग खरा होता: तिने लिहून चौकशी केली, पुढच्या गाडीचं तिकीट काढलं, स्टेशनवर गरम लोचो खाल्ला आणि दिवेलागणीला घरी आली. तो भाग कोणी सांगत नसे.

“सुरतेहून मी घरी आले,” ती म्हणाली. “मला कोणी आणलं नाही.”

“मी फक्त काळजी...”

“काळजी नाही ही.” तिचा आवाज वाढला होता. किती वाढला होता ते तिला कळत नव्हतं, आईच्या चेहऱ्यावरून अंदाज येत होता. “मी विकत घेतलं. मी बसवलं. तू पुसलंस, खोटं बोललास, आणि मला बोलता येत नाही असं परक्याला सांगितलंस. मला. मी आत्ता काय करते आहे?”

“अगं, हळू,” लीलाताई म्हणाल्या. हातात मेथीची जुडी तशीच. “शेजारी ऐकतील.”

“ऐकू देत,” मैथिली म्हणाली. “मला हळू म्हणजे काय ते माहीत नाही. मी कधी ऐकलंच नाही.”

लीलाताईंनी जपून, ओठ नीट उघडत म्हटलं, “त्याने तुझ्या भल्यासाठीच केलं ना गं. आता कोड आलाय ना? घे आणि घाल. कोणाच्या का नावावर असेना. काय फरक पडतो?”

सलीलने तेवढ्यात फोन काढून मेल उघडला होता. कोड समोर होता, चौकोनी, काळापांढरा, तयार. त्याने फोन तिच्यासमोर धरला. “घे. संपलं.”

खरं तर संपलंही असतं. टॅबलेट धरला असता तर दोन मिनिटांत लाइन बसली असती. मैथिलीने तो कोड बघितला आणि डोळे मिटून घेतले.

ती अशी डोळे मिटायची तेव्हा घरातल्यांना काही करता यायचं नाही. लहानपणी ती मार खाताना असं करायची. डोळे मिटले की कोणाचे ओठ नाहीत, कोणाचे हात नाहीत, कोणाची समजूत नाही. अंधारात तिचा राग आणि ती एवढेच उरायचे. तिला आत्ता तो राग मोडायचा नव्हता. तो नीट धरून ठेवायचा होता, कारण तो खरा होता, आणि एकदा त्या कोडवर टॅबलेट धरला की सगळे म्हणणार होते, बघ, उगाच चिडलीस.

डोळे उघडले तेव्हा सलील फोन खाली ठेवून बघत होता.

“आत्ता त्यांना फोन लाव,” ती म्हणाली. “स्पीकरवर. मी सांगेन ते तू इंग्रजीत सांगायचं. जेवढं मी म्हणेन तेवढंच. तुझा एक शब्द मध्ये घालायचा नाही.”

“मैथिली, रविवार आहे, अर्धा तास लाइनवर थांबायला लागतं—”

“थांब मग.”

तिने टॅबलेट टेबलावर उभा केला आणि बोलणं अक्षरांत उमटवायची सोय चालू केली. सलीलच्या ते लक्षात आलं. “हे कशाला?”

“तू काय बोलतोस ते मला दिसायला.”

त्याचा चेहरा उतरला. पण त्याने फोन लावला. रसिका दारात येऊन उभी राहिली. आईने भाजी बाजूला सारली. पलीकडे बराच वेळ वाजंत्री चालली असावी, कारण टॅबलेटवर नुसतं ‘संगीत’ असं उमटत राहिलं. मैथिली त्या शब्दाकडे बघत बसली होती. मग एका बाईंचं नाव आणि ‘मी आपली काय मदत करू’ हे अक्षरांत आलं.

“सांग,” मैथिली म्हणाली. “काल मी फोन केला होता. मी खोटी माहिती दिली.”

सलीलने तिच्याकडे बघितलं. ती वाट बघत होती. त्याने फोनकडे वळून ते सांगितलं. टॅबलेटवर उमटलं: काल मी फोन केला होता. मी चुकीची माहिती दिली.

“खोटी,” मैथिली म्हणाली.

त्याने दुरुस्त केलं.

“माझी बहीण खातेदार आहे. ती माझ्या शेजारी बसली आहे. तिला ऐकू येत नाही. तिला तिचे निर्णय घेता येतात. खातं पुन्हा तिच्या नावावर करा.”

सलील बोलत गेला, अक्षरं उमटत गेली. मग त्याने फोन किंचित आपल्याकडे झुकवला आणि आणखी काहीतरी म्हणाला. टॅबलेटला ते ऐकू गेलं. तिथे आलं: तिची उद्या फ्लाइट आहे, त्यामुळे ती जरा अस्वस्थ आहे, तुम्ही समजून घ्या.

मैथिलीने टेबलावर तळहात आपटला. पेले हलले. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि त्याला दाखवलं.

“हे मी म्हटलं?”

“नाही.”

“मग हे कोणी सांगितलं? सांग त्यांना, हे माझं म्हणणं नव्हतं. मी अस्वस्थ नाही. मी संतापले आहे. माझ्या परवानगीशिवाय तुम्ही माझं खातं दुसऱ्याला दिलं. तुमच्याकडे ऐकू न येणाऱ्यांसाठी लिहून बोलायची सोय नाही, ही तुमची चूक आहे, माझी अडचण नाही.”

सलीलने हे सगळं सांगितलं. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, टॅबलेटकडे बघत होता. आपलेच शब्द आपल्यासमोर उमटताना बघायची त्याला सवय नव्हती. सांगता सांगता त्याचा चेहरा बदलत गेला. दुसऱ्या माणसाचा राग स्वतःच्या तोंडाने बोलायचा म्हणजे तो आधी तोंडात घ्यावा लागतो.

पलीकडच्या बाईंनी बराच वेळ काही टाइप केलं असावं. मग अक्षरं आली: खातेदारांनी स्वतः त्यांचं पूर्ण नाव सांगितलं तर बदल करता येईल.

“ती सांगू शकत—” सलीलने तोंड उघडलं आणि थांबला. मैथिलीचा हात वर होता.

घराबाहेरच्या माणसासमोर ती आवाजाने बोलत नसे. शाळेत तिच्या आवाजाची नक्कल व्हायची ते तिने कानांनी नाही, डोळ्यांनी बघितलं होतं. दुकानात, बँकेत, डॉक्टरांकडे ती लिहायची. तिने फोन आपल्याजवळ ओढला.

“मैथिली गुप्ते,” ती म्हणाली.

टॅबलेटने तिच्या नावाच्या जागी काहीतरी भलतंच उमटवलं, कुठल्याशा भाजीचं नाव असावं तसं. पलीकडून आलं: क्षमा करा, पुन्हा सांगता का?

“मैथिली गुप्ते.”

यावेळी टॅबलेटने काहीच उमटवलं नाही. सलीलचे हात मांडीवर घट्ट मिटलेले होते. तो तिच्यासाठी बोलायला धडपडत होता आणि बोलत नव्हता, हे तिला दिसत होतं. दिसू दे, तिला वाटलं. बसू दे त्याला तसंच.

“मैथिली गुप्ते,” ती तिसऱ्यांदा म्हणाली, आधीपेक्षा जोरात, आणि नाव सावकाश करून नाही, जसं येतं तसं.

धन्यवाद, मिस गुप्ते, असं टॅबलेटवर आलं. नोंद केली आहे. नवीन कोड तुमच्या मूळ पत्त्यावर पाठवत आहोत.

फोन बंद झाला. रसिका आत निघून गेली. लीलाताई मेथीच्या काड्या गोळा करू लागल्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. कशाने, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मैथिलीने विचारलं नाही. मेल आला तसा तिने सगळ्यांच्या समोर फोन उभा केला, टॅबलेट त्याच्यापुढे धरला, लाइन बसवली आणि तिला पुन्हा ‘हनोई’ नाव दिलं. मग टॅबलेटला नवा पासकोड घातला. टाकताना तिने पडदा छातीशी धरला, आकडे सलीलला दिसू नयेत म्हणून, आणि आपण लपवतोय हे त्याला दिसावं म्हणूनही.

“एवढा अविश्वास?” तो म्हणाला.

“हो,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यानेच तिला गाडीने अहमदाबादला सोडलं. एक्स्प्रेस वेवर तो एकदोनदा काही बोलला असावा, पण गाडी चालवणाऱ्याचे ओठ बाजूने नीट वाचता येत नाहीत आणि मैथिलीने ते वाचायचा प्रयत्नही केला नाही. विमानतळावर त्याने बॅग उतरवून दिली आणि तिच्यासमोर येऊन, तोंड तिच्याकडे करून म्हणाला, “मी तुला सांगायला हवं होतं.”

“माझ्या टॅबलेटला हात लावायलाच नको होता,” ती म्हणाली. “सांगणं नंतरचं.”

त्याने मान हलवली. तिने बॅग ओढली आणि आत गेली. मागे वळून बघितलं नाही. आपण बघितलं नाही याचं तिला पुढे सुरक्षा तपासणीच्या रांगेत थोडं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून पुन्हा राग आला.

हनोईला उतरल्यावर पट्ट्यासमोर सामानाची वाट बघत तिने टॅबलेट उघडला. ‘हनोई’ लाइन होती आणि तिच्यासमोर ‘सेवा नाही’ असं लिहिलं होतं. सभोवती सगळे फोन कानाला लावून बोलत होते. आत्ता दादा इथे असता तर काय म्हणाला असता ते तिला शब्दन् शब्द माहीत होतं, आणि त्या न आलेल्या शब्दांवरच ती इतकी भडकली की भीती मागे पडली. तिने पायरी पायरीने बघितलं. लाइन चालू होती. डेटासाठी हीच लाइन निवडलेली होती. रोमिंग मात्र बंद होतं. घरी खर्चाच्या भीतीने सगळेच ते बंद ठेवतात. इथे ते चालू केल्याशिवाय ही लाइन जागी होणार नव्हती. तिने ते चालू केलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग कोपऱ्यात एक रेघ आली, मग दुसरी, आणि मग लिएनचे थांबून राहिलेले निरोप एकामागून एक खाली पडू लागले.

तिने टॅबलेट बॅगेवर टेकवला आणि व्हिडिओ लावला. लिएन दारापलीकडेच उभी होती, लाल जाकिटात, गर्दीत मान उंचावून. दोघी पडद्यावर हातवारे करत बाहेर पडेपर्यंत बोलत राहिल्या, आणि मग समोरासमोर आल्यावरही पहिले काही क्षण टॅबलेट चालूच राहिला, कारण बंद करायला हात मोकळे नव्हते.

लिएनच्या लॅबमध्ये सात जण होते. सगळे कामाची टेबलं गोल मांडून बसायचे, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसावेत. मैथिलीने त्यांना ओल्या पावडरचा थर ब्रशने कसा चढवायचा, दाताच्या कडेला निळसर झाक किती ठेवायची, भट्टीत आक्रसणार म्हणून आधी मोठा कसा घडवायचा ते शिकवलं. सगळ्यांना जमलं असं नाही. एक मुलगी रोज थर जाड करायची आणि रोज वाद घालायची. मैथिलीलाही वाद घालायला मजा आली. असं कोणी तिच्याशी बरोबरीने भांडलंच नव्हतं.

आईला ती रोज संध्याकाळी व्हिडिओवर दिसायची. सलीलचे निरोप यायचे: जेवलीस का, हवा कशी आहे, नेट चालतंय ना. ती ‘हो’ एवढंच पाठवायची. तो आडून आडून क्षमा मागत होता हे तिला कळत होतं, पण आडून मागितलेली क्षमा तिला नको होती.

परतायच्या आधी, दुपारी जेवून सगळे टेबलाशी बसले असताना, तिने टॅबलेट जवळ ओढला आणि दादाला लिहिलं:

“मी आल्यावर तू आणि आईने हातांची भाषा शिकायची. वहिनी शिकवेल, मी नाही शिकवणार. मला आता घरात ओठ वाचायचे नाहीत. खूप वर्षं वाचले.”

उत्तर लगेच आलं नाही. ती वाद घालणाऱ्या मुलीचं काम बघायला उठली. परत आली तेव्हा पडद्यावर एक छोटासा व्हिडिओ आला होता. सलील सोफ्यावर बसला होता, मागे रसिकाचा हात दिसत होता. त्याने उजव्या हाताची मूठ करून छातीवर गोल फिरवली. ‘माफ कर’ ची खूण. उलट्या दिशेने फिरवली होती, आणि मूठही नीट मिटलेली नव्हती.

लिएन खांद्यावरून बघत होती. तिने विचारलं, हा कोण?

“माझा भाऊ,” मैथिलीने सांगितलं. “चुकीची खूण करतोय.”

तिने त्याला बरोबर खूण कशी ते लिहून पाठवलं. बाकी काही लिहिलं नाही. तिचा राग अजून गेलेला नव्हता, आणि त्याला घालवायची तिला घाईही नव्हती.